शेकरू आणि रात्रपाळीचा भुंगा

महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा, उत्तर येईल - शेकरू. राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण. २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्यफुलपाखरू झालं (असं फुलपाखरू जाहीर करणारं आपलं पहिलंच राज्य), २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष झाला आणि २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. म्हणजे ताटात येतो त्यालाही मान मिळाला! चांगलंच आहे. कुणाला मान मिळाला म्हणून पोटात दुखायचं काही कारण नाही.

पण ही यादी वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहते. यात कीटक एकच आहे, आणि तोही दिसायला सुंदर असलेला. काळा, जाडजूड, कानाजवळून गुरगुरत जाणारा, ज्याला बघून लोक मान खाली घालतात असा कुणी या यादीत नाही, आणि तो येईल अशी चिन्हंही नाहीत. माझं म्हणणं असं की आपण काय वाचवायचं ते चेहरा बघून ठरवतो, आणि तेही दिवसाउजेडी. रात्री कोण काय काम करतं याचा आपल्या हिशोबात पत्ताच नसतो. हे नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एकाच जंगलातले दोन रहिवासी शेजारी शेजारी ठेवून बघू. जंगल भीमाशंकरचं. एक रहिवासी शेकरू, दुसरा लाकूड कोरणारा भुंगा.

आता कुणी म्हणेल की खार आणि माशी यांची तुलना म्हणजे आंब्याची आणि नारळाची तुलना. एक सस्तन प्राणी, एक कीटक. एकाचं वजन दोन किलोच्या आसपास, दुसरा अंगठ्याच्या पेराएवढा. पण थोडं थांबा. या दोघांत वाटतं त्यापेक्षा खूप जास्त सारखेपणा आहे, आणि फरक आहे तो नेमका आपल्या वागण्यावर बोट ठेवणारा आहे.

आधी शेकरू. शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. आपल्या अंगणातल्या तीन पट्ट्यांच्या खारीची ही थोरली बहीण म्हणायची, पण थोरली म्हणजे फारच थोरली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण तीन फूट, आणि त्यात शेपटीच अंगापेक्षा लांब. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळसर. जमिनीवर फारसं उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर वीस वीस फुटांची उडी मारतं. त्यासाठी झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले लागतात. मधे रस्ता आला, मोकळं रान आलं की शेकरूचा रस्ता बंद. एकटं राहतं. काटक्या आणि पानं गोळा करून उंचावर गोल घरटं बांधतं, आणि एक नाही तर अनेक बांधतं. एका वेळी पिल्लू एखादं, फार तर दोन. सकाळी आणि संध्याकाळी कामाला, दुपारी आराम, रात्री झोप. (हा दिनक्रम वाचून हेवा वाटला नाही असा आयटीवाला मला दाखवा.)

भीमाशंकर अभयारण्य झालं १९८५ साली. क्षेत्रफळ साधारण १३० चौरस किलोमीटर. पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या हद्दी तिथे एकत्र येतात. या अभयारण्याची ओळखच शेकरू. पाट्यांवर शेकरू, कमानीवर शेकरू, माहितीपत्रकावर शेकरू. आमचा ग्रुप एकदा खांडसहून गणेश घाटाने वर चढून गेला होता, तेव्हा वर पोचल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न - "दिसलं का?" काय, हे विचारायची गरज नव्हती. एका झाडावर लांब शेपटी लोंबकळताना दिसली आणि दहा मोबाईल एकदम वर झाले. त्याच वेळी बाजूला एका वाळक्या खोडात पेनाच्या जाडीचं, कंपासने काढावं असं गोल भोक होतं आणि खाली भुसा सांडला होता. तिकडे कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं तिथे काही नव्हतंच म्हणा... कारण घरमालकीण आत झोपली होती.

ही घरमालकीण म्हणजे दुसरा रहिवासी. आपण मराठीत सरसकट 'भुंगा' म्हणतो, पण लाकूड कोरते ती मादी. नर कोरत नाही, त्याला नांगीही नसते. तो फक्त हवेत एका जागी तरंगत आपला इलाखा राखत बसतो. म्हणजे सगळं सुतारकाम करणार ती आणि नाव मात्र पुल्लिंगी! भाषेलाही आपल्या सवयी असतात, काय करणार. इंग्रजीत हिला कार्पेंटर बी म्हणतात, शास्त्रीय कुळनाव झायलोकोपा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लाकूडतोड्या. ही मधमाशांच्याच जातकुळीतली, पण पोळं नाही, राणी नाही, हजारो कामकरी नाहीत. मादी एकटीच वाळक्या लाकडात बोगदा कोरते, त्यात पराग आणि मध मळून एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, आणि भुशाचा पडदा लावून खोली बंद करते. मग पुढची खोली. अशा मोजक्याच खोल्या. तिचं अंडं म्हणाल तर कीटकांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी एक.

मराठी माणसाला हा भुंगा नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात तो आहे. कसलंही कोरडं लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, हा दृष्टांत माउलींनी अर्जुनाच्या मोहासाठी वापरला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. सव्वासातशे वर्षांहून आधी एका मराठी ग्रंथात या माशीची सर्वांत महत्त्वाची खूण, म्हणजे कोरडं लाकूड कोरणं, नेमकी नोंदलेली आहे. आणि आज आपल्याकडे तिची ओळख काय, तर "अरे भुंगा आला, दार लाव!"

दृष्टांतात संध्याकाळ झाली, कमळ मिटलं आणि भ्रमर आत अडकला अशी कल्पना आपण सगळेच ऐकत आलो. म्हणजे भुंगा हा दिवसाचा प्राणी, सूर्य मावळला की त्याचा खेळ संपला. बहुतेक मधमाशांच्या बाबतीत हे खरंही आहे. पण भीमाशंकरच्या जंगलात एक भुंगा असा आहे की ज्याचं ऑफिस सूर्य मावळल्यावर उघडतं.

हे कसं कळलं ते सांगण्यासारखं आहे. रेनी बोर्जेस या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या परिस्थितिकी शास्त्रज्ञ. त्यांनी सुरुवातीला अभ्यास केला तो शेकरूचा. भीमाशंकर आणि कर्नाटकातलं मागोड अशा दोन जंगलांत शेकरू काय खातं, फळांचा तुटवडा पडला की काय करतं, यावरचा त्यांचा शोधनिबंध १९९३ साली आला. पुढे त्याच जंगलात त्यांनी आणि हेमा सोमनाथन यांनी रात्री फुलणाऱ्या झाडांकडे लक्ष वळवलं. म्हणजे माझी ही तुलना अगदीच ओढूनताणून आणलेली नाही. एकाच शास्त्रज्ञाच्या वहीत हे दोघंही आहेत.

त्यातलं एक झाड म्हणजे वारस. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी ते पाहिलेलं असतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झडलेली आणि फांद्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे झुबके. ही फुलं उमलतात रात्री. रात्री उमलणारं मोठं पांढरं फूल म्हटलं की कुणीही म्हणेल, पतंग येत असणार नाहीतर वटवाघूळ. पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोमनाथन आणि बोर्जेस यांच्या अभ्यासात वारसाचं परागीभवन करणारा निघाला भुंगा, झायलोकोपा टेन्यूस्कापा, आणि तोही रात्री येणारा! झाडाचं नाव वारस, आणि त्याला वारस मिळतो तो या रात्रीच्या पाहुण्यामुळे.

पुढची गोष्ट तर आणखी भारी. २००८ साली सोमनाथन, बोर्जेस आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांनी भीमाशंकरच्या भुंग्यांवरचे निबंध प्रसिद्ध केले. तिथे एकाच जंगलात तीन जातींनी वेळ वाटून घेतलेली त्यांना दिसली. एक जात दिवसपाळीची. दुसरी, वर आलेली टेन्यूस्कापा, मुख्यतः दिवसाची, पण संधिप्रकाशातही ओव्हरटाईम करणारी. आणि तिसरी, झायलोकोपा ट्रांक्वेबारिका, खरीखुरी रात्रपाळीची. चंद्र नसलेल्या रात्रीसुद्धा, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ती घरट्यातून बाहेर पडते आणि नेमकी आपल्याच घरट्यात परत येते. शास्त्रज्ञांनी घरट्यापाशी रंगीत खुणा लावून तपासलं, तर चांदण्यांच्या उजेडातही ती रंग ओळखून घर शोधत होती.

हे किती विलक्षण आहे ते आपल्याशी ताडून बघा. चंद्रप्रकाशातसुद्धा आपल्याला रंग नीट कळत नाहीत, सगळं करडं दिसतं. चांदण्यांचा उजेड तर त्याहून कितीतरी कमी. शिवाय मधमाशांच्या डोळ्याची रचना मुळात दिवसाची. त्यांच्या संयुक्त डोळ्यातलं प्रत्येक भिंग आपल्यापुरताच प्रकाश घेतं. रात्रीच्या पतंगांच्या डोळ्यात अनेक भिंगांचा प्रकाश एकत्र येतो, म्हणून त्यांना अंधारात सोपं जातं. ही माशी मात्र दिवसाच्या डिझाईनचाच डोळा घेऊन रात्री उडते. भिंगं मोठी, आतले प्रकाश पकडणारे भाग रुंद, डोक्यावरचे तीन साधे डोळेही मोठे. म्हणजे जुनाच कॅमेरा, फक्त भिंगाचं तोंड मोठं केलेलं. आपल्याकडे यालाच 'आहे त्या हार्डवेअरवर चालवून दाखवलं' म्हणतात!

आता दोघांना शेजारी ठेवू.

दोघंही एकटे राहणारे. दोघांचंही घर झाडावर आणि ते स्वतः बांधलेलं किंवा कोरलेलं. दोघांनाही पोरं कमी. मधमाशांची राणी दिवसाला शेकड्यांनी अंडी घालते, त्यामुळे एक पोळं गेलं तरी दुसरं उभं राहायची आशा असते. भुंग्याच्या मादीचं तसं नाही. तिची सगळी मिळकत म्हणजे त्या बोगद्यातल्या चार-सहा खोल्या. त्या बाबतीत ती मधमाशीपेक्षा शेकरूच्या जवळची आहे. गेलेली संख्या दोघंही पटकन भरून काढू शकत नाहीत. दोघांनाही जंगल लागतं, आणि वर्षभर काही ना काही फुलत-फळत राहील असं मिश्र जंगल लागतं.

फरक कुठे? पहिला फरक कामाचा. शेकरू फळं खातं, बिया फोडून खातं, साल, फुलं, कोवळी पानं खातं. जंगलाने तयार केलेल्या मालाचा ते ग्राहक आहे. भुंगा तो माल तयार होण्याच्या आधीच्या टप्प्यावर उभा आहे. फूल आणि फळ यांच्या मधली पायरी म्हणजे तो. यात शेकरूला कमी लेखायचं नाही, जंगलात ग्राहकही लागतात. पण वारसासारख्या झाडाला शेंग धरायची असेल तर ती रात्री येणाऱ्या भुंग्याशिवाय अवघड. आमच्या भाषेत सांगायचं तर शेकरू हा स्क्रीनवर दिसणारा भाग आणि भुंगा रात्री मागे चालणारी प्रोसेस. ती चालू असते तोवर कुणाला तिचं नावही माहीत नसतं. बंद पडली की सकाळी सगळे विचारतात, "काल रात्री काय झालं?" फक्त जंगलाच्या बाबतीत ही 'सकाळ' उजाडायला पन्नास वर्षं लागू शकतात. म्हातारी झाडं फुलत राहतात, हिरवं दिसत राहतं, फोटो छान येतात. खाली नवीन रोपं येत नाहीत हे कुणी मोजत नाही.

दुसरा फरक दिसण्याचा. २६ जानेवारी २०२२ ला दिल्लीच्या संचलनात महाराष्ट्राचा चित्ररथ जैवविविधता आणि राज्य मानकांवर होता, आणि लोकांच्या मतांमध्ये तो पहिला आला. शेकरू त्यावर होतं. कल्पना करा, त्या जागी सहा फुटी काळा भुंगा असता तर? मतं पडली असती का? नसती. मीही बहुधा दिलं नसतं. चेहरा ही मोठी गोष्ट आहे, आणि तिचा उपयोग करून घेण्यात काही गैर नाही.

इथे एक नेहमीचा युक्तिवाद येतो, आणि तो चुकीचा नाही. शेकरू वाचवायचं म्हणजे त्याचं जंगल वाचवायचं, आणि जंगल वाचलं की त्यातले भुंगे, बेडूक, बुरशी सगळेच आपोआप वाचले. वाघाच्या बाबतीत आपण हेच म्हणतो. एका छत्रीखाली सगळे. या युक्तिवादाने अभयारण्यं झाली, रस्ते अडले, झाडं राहिली. तो मोडीत काढावा असं मी म्हणत नाही. पण छत्रीला भोकं कुठे आहेत ते बघायला काय हरकत आहे? मला दोन दिसतात.

पहिलं भोक वाळक्या लाकडाचं. शेकरूला जिवंत झाडं लागतात, एकमेकांना भिडलेली. भुंग्याला मेलेलं झाड लागतं. उभं, वाळलेलं खोड किंवा जाड फांदी. आणि आपल्या डोक्यात 'मेलेलं झाड' म्हणजे काय? जळण. किंवा कचरा. किंवा धोका. जंगल 'स्वच्छ' करायचं म्हटलं की आधी जातं ते वाळकं झाड. शेकरूच्या हिशोबात यात काहीच नुकसान नाही. भुंग्याच्या हिशोबात बिल्डरने सगळी वसाहतच पाडली. मग वृक्षारोपणाने हे भरून निघेल का? राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट होतं. किती जगली या वादात मी पडत नाही. समजा, सगळी जगली. तरी आज लावलेल्या रोपात पेनाच्या जाडीचं भोक पाडायला लागणारं वाळकं खोड तयार व्हायला किती वर्षं लागतील? रोप लावता येतं, म्हातारं होऊन मेलेलं झाड लावता येत नाही.

दुसरं भोक अंधाराचं. शेकरू रात्री झोपतं. कमानीवर दिवे लावले, मंदिराच्या रस्त्याला फ्लडलाईट लावले, रिसॉर्टच्या झाडांना माळा गुंडाळल्या, तर शेकरूच्या गणतीत लगेच काही दिसणार नाही. भुंग्याचं पूर्ण दुकानच अंधारात आहे. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर प्रत्यक्ष दिवे लावून केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. दिवे लावलेल्या जागी फुलांवर येणाऱ्या रात्रीच्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि दिवसा येणाऱ्या कीटकांनी ती तूट भरून काढली नाही. ते कुरण युरोपातलं, कीटक वेगळे, हे मान्य. तो आकडा उचलून भीमाशंकरला चिकटवू नये. पण ज्या जंगलात चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखणारी माशी राहते, तिथे दिवे लावताना एकदा तरी विचार करावा एवढं म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे. भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे प्रचंड गर्दी असते आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी उजेड लागतोच. त्याला माझा विरोध नाही. पण दिवा पायवाटेवर पडावा की झाडाच्या शेंड्यावर, आणि रात्री बारानंतर रिकाम्या रस्त्यावर तो चालू हवा का, हे प्रश्न भक्तीचे नाहीत, साध्या वायरिंगचे आहेत.

गंमत म्हणजे ही दोन्ही भोकं नसलेली एक पद्धत आपल्याच डोंगरात होती, अजूनही काही ठिकाणी आहे. देवराई. भीमाशंकरच्या परिसरात आहुप्यासारख्या गावांनी देवराया राखल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं तेव्हा अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. देवराईचा कडक नियम काय? देवाच्या रानातली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. झाड पडलं तर पडलेल्या जागी कुजेल. यात कोणता प्राणी वाचवायचा हे लिहिलेलंच नाही. चेहरा नाही, चिन्ह नाही, चित्ररथ नाही. देवाच्या भीतीपोटी का होईना, जे आहे ते जसंच्या तसं राहू द्यायचं एवढंच. त्यामुळे शेकरूलाही जागा मिळाली आणि भुंग्यालाही. आणि रात्री तिथे कुणी जात नसल्यामुळे अंधारही आपोआप राहिला!

मी देवभोळेपणाची वकिली करत नाही. जुनं ते सगळं सोनं असंही मला वाटत नाही, देवराया तोडणारेही आपलेच लोक होते. मुद्दा नियमाच्या रचनेचा आहे. 'अमुक प्राणी वाचवा' या नियमात त्या प्राण्याला न लागणारी प्रत्येक गोष्ट निसटते. 'वाळकी काडी उचलू नका' या नियमात आपल्याला अजून नावही माहीत नसलेले जीव सांभाळले जातात. २००१ च्या आधी वारसाचं रात्रीचं गुपित शास्त्रालाही ठाऊक नव्हतं, पण देवराईतल्या भुंग्याला त्याने काही फरक पडला नाही. त्याचं खोड शाबूत होतं.

हे सगळं जंगलापुरतंच आहे असंही नाही. याच कुळातले दिवसपाळीचे भुंगे पुण्या-मुंबईत, नागपुरात, कोल्हापुरात आपल्या गच्चीवर येतात. बांबूच्या काठीत, जुन्या शिडीत, वाळक्या फांदीत घर करतात. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांत पराग बंद नळीत असतो, तो टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायला फूल गदागदा थरथरवावं लागतं. मधमाशीला हे जमत नाही. भुंगा फुलाला धरून अंगाचा व्हायब्रेटर चालू करतो आणि पराग झडतो. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत खाताना याचीही आठवण ठेवायला हरकत नाही. आणि सोसायटीत मात्र एक भुंगा दिसला की पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन, आणि आवारातलं एक झाड वाळलं की महिन्याच्या मीटिंगमध्ये "ते ठोंबं काढून टाका, वाईट दिसतं" असा ठराव. अंगावर पडेल असं झाड नक्की काढा, पण चार फूट बुंधा ठेवायला काय जातं? कुणाच्या डोक्यावर चार फुटी बुंधा पडत नाही.

मग काय, शेकरूला राज्यप्राणी पदावरून काढून तिथे भुंगा बसवायचा? अजिबात नाही. शेकरूने आपल्या चेहऱ्यावर लोकांना जंगलापर्यंत आणलं, हे काम भुंग्याला कधीच जमलं नसतं. माझं मागणं अगदी साधं आहे. शेकरूच्या पाटीखाली अजून दोन ओळी लिहा - 'वाळकी झाडं तोडू नका' आणि 'रात्री दिवे बंद ठेवा'. जंगलाची तब्येत मोजताना शेकरूच्या डोक्यांबरोबर उभी वाळकी खोडंही मोजा. ट्रेकला येणाऱ्या पोरांना शेकरू दाखवून झालं की खोडातलं ते गोल भोकही दाखवा आणि सांगा, की इथे राहणाऱ्या बाई रात्री कामाला जातात, आवाज करू नका.

ऑफिसात रात्रपाळी केलेल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. अप्रेझलच्या वेळी नाव निघतं ते दिवसा दिसणाऱ्यांचं. त्यावर आपण चहाच्या टपरीवर कुरकुर तरी करू शकतो. भुंग्याची कुरकुर ऐकायला अमावस्येच्या रात्री जंगलात जावं लागतं, आणि तिथे तर आपण टॉर्च लावल्याशिवाय पाऊल टाकत नाही. निदान गाडीत बसायच्या आधी आपण लावलेले दिवे तरी बंद करून जाऊ. वारसाची फुलं तेव्हाच उमलत असतात.